तीन पेडांचा जोड

बाबा, मी हल्ली काय काम करते ते तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. तुम्ही गेलात तेव्हा मी अजून कॉलेजात होते. पेशीला आतून आकार देणारा एक सांगाडा असतो. त्यातल्या काही लांबलचक प्रथिनांत एकच घडण पुन्हा पुन्हा येते: तीन पेड एकमेकांभोवती वळलेले, मग परत तीन, मग परत तीन. दिसायला सगळ्या घडणी सारख्या, पण नसतात. कुठे पीळ सैल, कुठे एखादा पेड आखूड. त्यांचे आकार संगणकावर एकावर एक ठेवून बघायचे आणि गट पाडायचे, हे माझं काम. तुम्ही म्हणाला असतात, "म्हंजे दोर वळायचा नाय, नुसता बघायचा? बरं हाय गं तुझं."

बरं नाहीये, बाबा. एक घडण कुठल्याच गटात बसेना. तिच्या तिसऱ्या पेडात मध्येच एक सैल वेटोळं होतं. प्रयोगशाळेतल्या आमच्या सरांना गटांचा तक्ता पुरा हवा होता, मला फेलोशिपची मुदत वाढवून हवी होती. मी ते वेटोळं वगळून तुलना केली आणि घडण दुसऱ्या गटात चपखल बसली. वगळल्याचं कुठेच लिहिलं नाही. शोधनिबंध छापून आला, सरांनी पाठ थोपटली. आता आमच्याकडची एक मुलगी त्याच तक्त्यावर आपला प्रबंध उभा करतेय. परवा म्हणाली, "ताई, काही केल्या जुळत नाहीये. माझंच चुकत असणार." मी म्हटलं, "परत करून बघ." सांगावं तर सरांची पत जाते, माझी नोकरी जाते, गप्प बसावं तर ती पोर स्वतःलाच दोष देत झुरते. शेलूच्या या फ्लॅटच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत तेवढी दिसते. दिवसभर मी तिच्याकडेच बघत असते.

पळसदरीचं अंगण आठवतं. तुम्ही दावं वळताय, मी घायपाताच्या धाग्यांचा वाख पुरवतेय. नवा वाख तिन्ही पेडांत एकाच जागी जोडायचा नाही, मागेपुढे जोडायचा, हे तुम्ही शंभरदा सांगितलेलं. "जोड एका जागी आला का दोर तिथंच दगा देतो गं." तुम्ही पाणी प्यायला उठलात. मी घाईघाईनं तिन्ही जोड एकाच जागी घातले आणि ओल्या हातानं इतके गुळगुळीत केले की तुमच्या बोटांनाही लागले नाहीत. शेजारच्या काकांचा बैल तेच दावं तोडून पळाला आणि धरणाच्या उतारावर पाय मोडून पडला. तुम्ही म्हणालात, "माजा हात गेला आता." मी दाराआड उभी होते. त्यानंतर तुम्ही वाखाला शिवला नाहीत. मोहोपाड्याच्या कारखान्यात पिंपं उचलायला गेलात, ते शेवटपर्यंत.

आज सकाळी सरांना मेल लिहायला बसले होते. 'सर' या शब्दापुढे काही सरकेना, म्हणून हे लिहीत बसले. तुम्हाला लिहिणं सोपं, तुम्ही उत्तर देणार नाही.

तुमचा हात गेला नव्हता, बाबा. तो जोड माझा होता.