डाग कमी पडला

१ डिसेंबर
सासरच्या पहिल्या दिवशी बायका काय काय लिहीत असतील, मी लिहितेय संडासाबद्दल! पण कंपनीत कामाला होते तेव्हा सणसवाडीत भाड्याच्या खोल्यांच्या अख्ख्या लाइनीला एकच संडास होता. बादली घेऊन तिथं ताटकळलेल्या बाईलाच ह्याची किंमत कळेल. त्यात माझं आतडं हे असं. कायमची सूज, कळ आली की पळायचं, कधी रक्तही पडतं. इथं न्हावऱ्यात गोठ्याच्या पलीकडं चांगला फरशीचा संडास आहे, कडी नीट लागते, वर आपल्या घरचा. मी तर खूशच झाले.

लग्नाआधी विश्वजीतला सगळे रिपोर्ट दाखवले होते. मला चालतंय म्हणाला, फक्त आईला सांगू नको. तेवढं खटकलं. बाकी माणसं झकास आहेत. सासूबाईंना आत्याबाई म्हणायचं. माझी भाकरी तव्यावर फाटली तर ओरडल्या नाहीत, हात धरून परत थापायला लावली. पोपटमामा, म्हणजे सासरे, बोलायला कमी. डेअरीला दूध घालून आले की गप बसतात. आणि तांबू! लाल कालवड, गळ्यात घुंगराचं दावं. आल्या आल्या माझी ओढणी चघळून ठेवली भवानीनं.

५ डिसेंबर
आज कांद्याची लागण. वाफ्यात बसले ती उठताच येईना, दोन्ही गुडघे टम्म. शेजारच्या सिंधूबाई मोठ्यानं हसल्या. कंपनीतल्या खुर्चीवर बसून बसून पोरीची हाडं गंजली म्हणे. मीही हसले. डावा डोळा लालभडक झालाय, ऊन सोसत नाही.

पुण्याच्या डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, हा आजार पोटात गप बसत नाही. बायकांत तर सांधे, डोळे, कातडी, कुठंही डोकं काढतो. एकही गोळी चुकवू नका. गोळ्या शिलाई मशीनच्या खणात दडवल्यात.

११ डिसेंबर
तांबूला हगवण लागली. आत्याबाईंनी विळा चुलीत लाल केला आणि तिच्या पोटावर टेकवला. ती अशी हंबरली की मी कान झाकले. जळक्या केसांचा वास अजून नाकातून जात नाही. दिवस मावळायला तांबू वैरण खायला लागली, तशा आत्याबाई फुलल्या. डाग बसला की आत शिरलेलं भाईर पडतंय, म्हणाल्या. आणि माझ्या पायांकडं बघत राहिल्या.

माझ्या नडग्यांवर लाल गाठी उठल्यात. मी साडी खाली ओढली.

१५ डिसेंबर
गोळ्या सापडल्या. आत्याबाईंनी पाकिटं चुलीत घातली. असल्या गोळ्या गिळून पोरीचं रगत नासलं, ल्योक कवा व्हनार म्हणे. मी चुलीत हात घातला. हो, घातला! बोटं भाजली आणि हाती आलं वितळलेलं पाकीट. मग तोंडाला येईल ते बोलले. ह्या गोळ्या एकदम बंद केल्या तर जिवावर बेततं, ओरडून सांगितलं. विश्वजीत म्हणाला, आईपुढं आवाज चढवू नको. नवीन आणतो म्हणाला. माझा फोन मात्र त्यानं खिशात टाकला, बहिणीला भलतंसलतं सांगशील म्हणून. अस्सा संताप आला!

१८ डिसेंबर
मला डागलं.

आत्याबाई लाल विळा घेऊन माझ्या मांड्यांवर बसल्या. सिंधूबाईंनी केस धरून डोकं भुईला दाबलं. विळा नडगीवरच्या गाठीवर टेकला आणि मी हंबरले. माणूस असं हंबरतं, मला माहीत नव्हतं. सिंधूबाईंचं मनगट चावलं, तोंडात रक्त आलं तरी सोडलं नाही. त्यांनी मुस्काटात हाणल्या. विश्वजीत ओट्यावर पाठ करून उभा होता.

नंतर आत्याबाईंनी मला साखर भरवली. डोळ्यांत पाणी होतं. पोटची पोर असती तरी ह्येच केलं असतं, म्हणाल्या. त्या खोटं बोलत नव्हत्या. त्याचीच मला जास्त भीती वाटते.

२१ डिसेंबर
जखम भरत नाही, पसरतेय. वाटीएवढी झाली. कडा जांभळ्या, आतून पोखरलेल्या. चालता येत नाही.

पोपटमामांनी गुपचूप त्यांचा फोन दिला. डॉक्टरबाई ओरडल्याच. जखम कुणालाही कापू देऊ नका, भाजू तर मुळीच देऊ नका, ह्या आजारात जितकं दुखवाल तितकं ते पसरतं, आत्ता निघा! मामांनी ऐकलं. गाडी बघतो म्हणाले. आत्याबाई दारातच उभ्या होत्या. मामा खाली मान घालून गोठ्यात गेले.

२३ डिसेंबर
तांबू मेली.

आता तरी ह्यांना कळेल. खिडकीतून ओरडले, बघा, डाग चिघळून मेली ती! आत्याबाई तिचं दावं धूत होत्या. शांतपणे म्हणाल्या, डाग कमी पडला. येकच दिला व्हता. पोरीच्या टायमाला ती चूक न्हाई करायची.

दाराला बाहेरून कडी घातली.

२४ डिसेंबर
ताप. रक्त थांबत नाही. खोलीतच बादली दिलीय. डाव्या डोळ्यानं नीट दिसत नाही. जखम गुडघ्याला —

दुपारी दोघी आल्या. मी बादली त्यांच्या तोंडावर फेकली. उशाखाली दडवलेला बत्ता हाणला. सिंधूबाईंचं कपाळ फुटलं, रक्ताची धार. अजून हाणला असता, हात उचलेना. पळाल्या. बाहेर बोलत होत्या, अशी न्हाई आवरायची, बांधावीच लागंल —

२५ डिसेंबर
मामा खिडकीशी आले. विश्वजीत गोळ्या आणायला पुण्याला गेलाय म्हणाले. आज येतोय. लवकर ये रे बाबा —

अंगणात चूल पेटवलीय. विळे — तीन —

गाडी! त्याचीच, फुटका सायलेन्सर. वाचले गं बाई, वाचले —

आत्याबाई त्याच्याशी बोलतायत. तो नुसता हं म्हणतोय. हं. हं.

कडी काढतोय. गोळ्या आणल्यास ना रे —

घुंगरू वाजतंय. दाराशी.

तांबू तर मेली. मग तिचं दावं त्याच्या हातात कशा