घड्याळजीचा उजवा हात

मी, दारं-खिडक्या करणारा सुतार, वय वर्षं एकाहत्तर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो आहे. डोक्याला नऊ टाके आहेत, पण डोकं ठिकाणावर आहे. तसा दाखला टाके घालणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी दिला असून तो सोबत जोडला आहे. लिहिण्यासाठी मला कोणी भरीस घातलेलं नाही. धमक्या आल्या, त्या लिहू नये म्हणून आल्या. यापूर्वी केलेल्या मृत्युपत्रात मी सगळं पुतण्याला दिलं होतं. ते आजपासून रद्द समजावं.

कलम १. माझे वारस. कोणी नाही. बायको वारली. एकच मुलगी होती, ती एकोणिसाव्या वर्षी मारली गेली. त्या दोन वर्षांत या शहरात एकाच माणसाने नऊ बायका मारल्या. तो घरोघरी पडदे बसवून द्यायचा, म्हणून वर्तमानपत्रांनी त्याचं नाव पडदेवाला ठेवलं. पुढच्या खोलीची खिडकी मी स्वतः केली होती, चांगली उंच, उजेड यावा म्हणून. तिचं माप घ्यायला त्याला माझ्या बायकोनेच बोलावलं होतं. ती भाजी घेऊन अर्ध्या तासात परतली. तोवर पडद्याच्या दोरीने सगळं संपलं होतं. पुढचं मी लिहीत नाही. कोर्टाच्या कागदांत आहे, आणि लोकांना ते माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. त्याला जन्मठेप झाली. त्या निकालाला बावीस वर्षं झाली.

कलम २. हत्यारं. रंधे, करवती, पटाश्या, वाकस आणि कामाचं टेबल समोरच्या सुताराला द्यावं. निकालाच्या दिवशी, कलम तीनमधल्या प्रसंगी, सगळी गल्ली मला "मार, मार" म्हणत होती तेव्हा हा एकटा ओरडला होता, "सोड त्याला, त्याचा काय दोष!" तेव्हापासून मी त्याच्याशी बोललेलो नाही. माझी मोठी पटाशी उसनी नेऊन त्याने बोथट करून परत दिली होती, तेही मी विसरलेलो नाही. आता धार त्याने स्वतः लावावी. हातोडा या यादीत नाही. तो ठाण्यात जमा आहे.

कलम ३. हे कलम म्हणजे माझा कबुलीजबाब आहे आणि तो चारचौघांत मोठ्याने वाचला जावा.

पडदेवाल्याचा धाकटा भाऊ घड्याळजी आहे. निकाल लागला त्या दुपारी फाशी टळल्याचं कळताच आम्ही शे-दीडशे माणसं त्याच्या दुकानावर गेलो. पुढे मी होतो. तो डोळ्याला भिंग लावून कोणाचं तरी घड्याळ उघडून बसला होता. मी त्याची कॉलर धरली.

"तुला माहीत होतं!"

"नाही हो. आईशपथ, नव्हतं माहीत."

मी त्याचा उजवा हात टेबलावर दाबून धरला आणि हातोड्याने तीन घाव घातले. पहिल्या घावाला तो ओरडला. दुसऱ्याला हाडाचा आवाज आला, सुकलेली फळी चिरते तसा. तिसरा घालायची काही गरज नव्हती. तो मी टाळ्या ऐकून घातला. लोकांनी दुकानातली सगळी घड्याळं रस्त्यावर फोडली आणि मला खांद्यावर घेतलं. त्या दिवसापासून मला 'वाघ' म्हणतात. पंचनाम्यात 'अज्ञात जमाव' असं लिहिलं गेलं. तो जमाव अज्ञात नव्हता. घाव माझे होते. घड्याळजीला भावाच्या कृत्यांची कल्पना नव्हती, हे मला त्याच दिवशी त्याच्या तोंडाकडे बघून कळलं होतं. कळूनही मी मारलं. त्याची तीन बोटं पुन्हा कधी वळली नाहीत. घड्याळाचं काम गेलं. तो आता डाव्या हाताने कुलपाच्या किल्ल्या घासतो.

कलम ४. जखमेचं कारण. मी पडून डोकं फोडून घेतलं असं पुतण्या सांगत फिरतो आहे, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

गेल्या महिन्यात बातमी आली की पडदेवाल्याला यकृताचा कर्करोग आहे आणि तो तुरुंगाच्या दवाखान्यात शेवटचे दिवस मोजतो आहे. तुरुंगाच्या फाटकासमोर जत्रा भरली. एक बाई म्हणाली, त्याला औषध कशाला देता, उंदराचं द्या. एका पोराने कॅमेऱ्यात बघून सांगितलं, मला फक्त दहा मिनिटं आत सोडा. बँकेतला कारकून आणि न्हावी यांनी तो कुठल्या वारी मरेल यावर पैज लावली. त्याला सलाईन लावणाऱ्या नर्सच्या दारावर कोणी तरी शेण फासलं. माझ्याकडे वार्ताहर आली. "बाप म्हणून आज काय वाटतं?" मी म्हणालो, "सावकाश मरू दे." ते वाक्य त्यांनी दिवसभर वाजवलं. मलाही ऐकायला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

रविवारी दुपारी घड्याळजीच्या घरी एक नवी खाट आली. त्याच्या बायकोची कंबर धरते म्हणून हप्त्याने घेतलेली. गल्लीने अर्थ लावला की पडदेवाल्याला मरायला घरी सोडणार. पुतण्या मोटारसायकल घेऊन दारात आला.

"काका, चला! त्याची खाट आलीय. लोक तुमच्यासाठी थांबलेत."

मी हातोडा घेतला. कोणी हातात दिला नाही, मीच घेतला.

आम्ही पोचलो तोवर खाट रस्त्यावर ओढून तिच्यावर रॉकेल टाकलं होतं. घड्याळजीची बायको आडवी आली. "अरे, माझी आहे ती! मला झोपायला आणलीय!" एकाने तिचे केस धरून तिला पायऱ्यांवरून खाली ओढलं. शेवटच्या पायरीवर तिचं तोंड आपटलं, पुढचे दोन दात तुटले. ते बघून माणसं हसली. मग घड्याळजी बाहेर आला. त्याने मला ओळखलं. उंबऱ्याशी गुडघ्यांवर बसला आणि डावा हात फरशीवर पसरून ठेवला.

"उजव्याचं काम तुम्ही केलंयत. हा अजून चालतो. घ्या, पण तिला सोडा."

सगळ्यांचे मोबाइल वर झाले. पुतण्या ओरडत होता, "काका, हाणा! नीट दिसतंय!"

माझ्या हातून हातोडा गळला. मी "थांबा" म्हणालो. कोणी ऐकलं नाही. मग मी जिवाच्या आकांताने ओरडून सांगितलं, "ह्याने काही केलं नव्हतं! ह्याचा हात मी उगाच फोडला!" तर त्यावर टाळ्या पडल्या. "वाघ! वाघ!" त्यांनी निम्मंच ऐकलं. पुतण्याने हातोडा उचलून घड्याळजीच्या हातावर उगारला. मी खाटेचा तुटका पाय उचलला आणि पुतण्याच्या खांद्यावर हाणला. त्याचं गळ्यापाशीचं हाड मोडलं. मला वाईट वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. मागून वीट आली. कोणी मारली ते दिसलं नाही, पण आवाज ऐकला, "म्हातारा फुटला रे!" पुढचं आठवतं ते दवाखान्यातलं.

कलम ५. पुतण्या. त्याला काहीही देऊ नये. पंधरा वर्षं रोज संध्याकाळी माझी विचारपूस करत होता, हे खरं आहे. बायकोच्या आजारपणात धावलाही. तरी नाही.

कलम ६. घर. टाके घालून झाल्यावर शुद्ध आली तेव्हा घड्याळजी उशाशी उभा होता. मी म्हणालो, माझं घर तुझ्या नावाने करतो. तो म्हणाला, "मला तुमचं घर नको. लेखी द्या. कोणी मारलं आणि मी काय केलं नव्हतं, एवढं लिहून द्या." ते मी वर कलम तीनमध्ये लिहिलं आहे.

त्याची बायको तोंडावर कापड धरून बाकावर बसली होती. कापड बाजूला करून म्हणाली, "ह्यांचा मान ह्यांच्यापाशी राहू दे. घर मी घेते. मालकाने महिन्यात जागा सोडायला सांगितलीय. मानावर मला झोप लागत नाही, कंबर दुखते."

म्हणून घर, मागच्या कारखान्यासकट, घड्याळजीच्या बायकोला द्यावं. ते तिचं एकटीचं राहील. बँकेत असेल त्यातून तिच्या दातांचा खर्च आधी व्हावा, मग माझ्या अंत्यसंस्काराचा. अंत्यसंस्काराला गर्दी नको. 'वाघ' असा फलक कोणी लावला तर तो समोरच्या सुताराने फाडावा.

कलम ७. पडदेवाला. मी हे लिहितो आहे तोवर तो मेलेला नाही. त्याला माफी नाही. मी बदललो, माझं मन मोठं झालं, असं कोणी छापू नये. तो तळमळून मेला तर त्या रात्री मी पोटभर जेवेन.

कलम ८. या मृत्युपत्राची एक प्रत आजच ठाण्यात देतो आहे. पंचनामा लिहिणारा हवालदार आता निवृत्त आहे. काल त्याला बोलावून कलम तीन वाचून दाखवलं. त्याने चष्मा पुसला आणि म्हणाला, "साहेबांनी सांगितलं तसं मी लिहिलं होतं. साक्षीदार म्हणून सही करतो. पण विचार कर. हे दिलंस की तुला उचलणार. या वयात, डोक्याला मार, तुला कोठडीत नाही ठेवणार. थेट तुरुंगाच्या दवाखान्यात टाकतील. तिथे म्हाताऱ्या कैद्यांची खोली एकच आहे."

मी म्हणालो, "माहीत आहे."

"तो तिथेच आहे."

"माहीत आहे."

"मग रात्री दिवे मालवल्यावर काय करशील?"

ते मला माहीत नाही. म्हणून हे सगळं जायच्या आधी लिहून, वाचून, सही करून ठेवतो आहे.

ठिकाण: राहतं घर, पुढची खोली
दिनांक: अकरा, मंगळवार, सकाळी

सही
(सुतार)

साक्षीदार:
१. सही. निवृत्त हवालदार. कलम तीन खरं आहे.
२. सही. डॉक्टरीणबाई. लिहिणारा शुद्धीवर आहे. त्याने प्रवास करू नये असं मी सांगितलं होतं.