आईच्या सिनची पट्टी

३ नोव्हेंबर, रविवार

माझी कमरेला गुंडाळून घोट्यापर्यंत नेसायची रेशमी सिन चार बोटं आखूड झाली आहे!

आज विहारात चीवरदान होतं. अख्खं गाव नटून आलेलं. मी वर्षातून दोनदा नेसते ती जांभळी सिन काढली, नेसले, आणि भंतेंसमोर गुडघे टेकून उठले तेव्हा मागून सासूबाईंचा आवाज आला, "बुआफान, तू उंच झालीस की सिन धुण्यात आटली?" मागच्या चार बायका फिसकन हसल्या. बघते तर खालचा काठच गायब! कात्रीनं सरळ रेषेत कापलेला. उंदराला काही कात्री चालवता येत नाही. मी माझ्या लेकीकडे, मापरांगकडे बघितलं. ती विहाराच्या छपराकडे बघत होती, फार भक्तिभावानं.

घरी आल्यावर पाच मिनिटांत कबूल झाली. दहा वर्षांची आहे, पण खोटं अजून जमत नाही, तेवढं बरं आहे. पौर्णिमेच्या जत्रेत तिला रिंगणात उतरायचंय. बॉक्सिंग! लाथा, गुडघे, सगळं. आणि बुन्लुआ मास्तरांच्या तालमीचा नियम असा की पहिल्या लढतीला दंडावर आईच्या नेसूच्या सिनची पट्टी हवी. पट्टी नाही तर लढत नाही. मी तीनदा नाही म्हणून सांगितलं होतं. चौथ्यांदा विचारायच्या ऐवजी बाईसाहेबांनी कात्री घेतली.

गंमत म्हणजे मास्तरांनी ती पट्टी परत पाठवली. "हे कापड सणाचं आहे," म्हणाले म्हणे, "तुझी आई ह्यात कधी घामाघूम झाली? आणि मागून आणलंस की न विचारता घेऊन आलीस?" आईनं आपल्या हातानं दिल्याशिवाय पट्टीला काही अर्थ नाही, असंही बजावलं. म्हणजे माझी सिन फुकट गेली, आणि निर्णय पुन्हा माझ्याच गळ्यात!

नाही म्हणजे नाही.

४ नोव्हेंबर, सोमवार

थवी मोटरसायकल घेऊन बाजारात गेला आणि चालत परत आला. मी विचारलं, गाडी कुठंय? तर म्हणतो, "कुठली गाडी?" मग कपाळावर हात मारून पुन्हा चालत बाजारात! मी आणि मापरांग हसून हसून लोळलो. असला नवरा असल्यावर करमणुकीला टीव्ही कशाला लागतो?

५ नोव्हेंबर, मंगळवार

आज माझ्या खाण्याच्या हातगाडीवर कोशिंबिरीच्या पपईपेक्षा मतंच जास्त कुटली गेली.

आरोग्य केंद्रातली नर्स पिम्जाई दुपारी जेवायला आली. तिला म्हटलं, तूच सांग बाई, तू शिकलेली. ती चिकट भाताचा गोळा हातात तसाच धरून म्हणाली, "ताई, हातपाय मोडले तर मी बांधून देईन. डोक्याचं मला काही करता येत नाही. कोवळं डोकं आतून हललं की ते लगेच दिसतही नाही. वर्षांनी दिसतं."

झालं! शेजारच्या बाकावर लुंग खाम बसलेला. पासष्टीचा माणूस, रोज माझ्याकडे जेवतो आणि रोज माझी चूक काढतो. "मग साप चावेल म्हणून भातकापणीला जायचं नाही का? ह्या गावातली पोरं हेल्मेटशिवाय तिघं-तिघं गाडीवर उंडारतात, ते चालतं तुम्हाला?"

"ते पण चालत नाही मला!" पिम्जाई म्हणाली.

"मुलगी आहे, नाकबिक मोडलं तर लग्न कोण करेल?" ही केस कापणारी नोई.

"तुझं नाक शाबूत आहे, तुझं कुठं झालं?" — लुंग खाम.

मी त्याच्या पपईत चार मिरच्या जास्त टाकल्या. डोळ्यांतून पाणी काढत खाल्लंन, पण हट्टानं "छान झालीय" म्हणाला.

खरं सांगायचं तर मला दोघांचंही पटतं. पोर घरात कोंडून ठेवायला मी काही तिला कोंबडीसारखी पाळलेली नाही. गुडघे फुटू देत, ओठ सुजू दे. फक्त डोक्यावर मार नको. एवढंच आहे माझं. पण बॉक्सिंग आणि डोक्यावर मार नको हे कसं जमायचं?

७ नोव्हेंबर, गुरुवार

थवीला विचारलं. तो ह्याच तालमीतला, आठव्या वर्षापासून लढलेला, ह्या भागात त्याला अजून लोक ओळखतात. म्हटलं, तू बाप आहेस, बोल ना काहीतरी.

"मला काय झालंय? बघ की!" म्हणाला आणि दोन्ही हात पसरून उभा राहिला. उजवीकडे वळलेलं नाक, फुलकोबीसारखा एक कान, आणि तोंडभर हसू. खरंच काय झालंय त्याला? माझ्यावर कधी आवाज चढवला नाही, दारूला शिवत नाही. तो म्हणतो, हे सगळं तालमीनं दिलं.

मग कोराट शहरातली त्याची जुनी लढत पुन्हा सांगितली. ह्या आठवड्यात तिसऱ्यांदा. रविवारी तो चौथ्या फेरीत जिंकला होता, मंगळवारी तिसऱ्या, आज दुसऱ्या. असंच चाललं तर पुढच्या आठवड्यात रिंगणात न उतरताच जिंकेल! मापरांगनं प्रत्येक वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखं "मग? मग काय झालं?" करून विचारलं. गुणी आहे पोर.

सासूबाई म्हणाल्या, "लहानपणापासून विसरभोळाच तो. दप्तर न घेता शाळेत जायचा." ते मात्र खरं. आमच्या लग्नाच्या दिवशी स्वतःचीच अंगठी घरी ठेवून आला होता.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

कोणाला न सांगता तालमीत गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

पत्र्याचं छप्पर, खाली माती, कोंबड्या, टांगलेल्या पोत्यांना घामाचा वास. मापरांग एका तिच्याहून मोठ्या पोराला समोरून लाथ मारत होती. पोर मागे ढकललं गेलं, पुन्हा आलं, ह्या वेळी हिलाच बसली, ही धप्पकन बुडावर पडली. मी पाऊल पुढे टाकलंच. आणि ही मातीत बसून हसतेय! उठली, पोराला हात जोडले, पुन्हा उभी.

शाळेत बाई सांगतात, मापरांग वर्गात तोंडच उघडत नाही. इथं बारकी पोरं तिच्याभोवती रांगेत उभी, आणि ही त्यांना दरडावतेय, "हनुवटी खाली! हात वर! पडलात तरी हात वर!" ही माझीच का, असा प्रश्न पडला. मी पोत्यामागे उभी राहून चक्क डोळे पुसले.

मास्तर सत्तरीचे, पण माझ्याहून ताठ. "बघायला आलीस की न्यायला?" म्हणाले.

"सौदा करायला," मी म्हटलं. "पट्टी देते. पण लढणाऱ्या दोघी पोरींच्या डोक्यावर जाड हेल्मेट हवं."

"जत्रेत? लोक हसतील, पोरी."

"हसू देत. मी रोज हसवतेच लोकांना."

"अगं, हेल्मेट घालून कोणी लढतीआधीचा गुरुवंदनेचा नाच करतं का?"

"नाच झाल्यावर घालायचं. आणि समोरच्या पोरीच्या आईला फोन करा, तिलाही विचारा."

मास्तरांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण फोन लावला. समोरची सुरिन गावची पोरगी आहे. बोलताना मास्तरांचा चेहरा उतरत गेला. फोन ठेवून म्हणाले, "तिची आईही दोन महिने हेच मागतेय म्हणे. तिच्या मास्तरानं मला सांगितलंच नव्हतं."

बघा!

१० नोव्हेंबर, रविवार

आज दिली पट्टी. गाडीवर नेसते ती निळी सिन. धुराची, लिंबाची, आंबवलेल्या मासळीची. किती वेळा धुतली असेल, पण वास काही हटत नाही. दोन्ही हातांनी धरून टर्रकन फाडली. मला वाटलं होतं वाईट वाटेल. उलट हलकं वाटलं.

मापरांगनं गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांत घेतली. मग नाकाला लावली आणि, "आई गं! मासळी!"

"चांगलंच आहे. समोरची जवळच येणार नाही."

थवीनं तिच्या दंडावर बांधून बघितली. गाठ मारताना जीभ दातांत धरली होती, सुईत दोरा ओवताना धरतो तशी. दोनदा सोडली, दोनदा बांधली, मनासारखी बसेपर्यंत. मग तिच्या डोक्यावर हात ठेवून पुटपुटला काहीतरी.

१३ नोव्हेंबर, बुधवार

भातकापणी. कंबर मोडली. मापरांग पहाटे धावण्याचा सराव करून आली आणि वर भात कापायलाही आली. मी झोपते.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार, पौर्णिमा

जिंकली!!

नीट लिहिते. लिहिलं नाही तर झोप लागायची नाही.

मी बघणार नाही असं ठरवलं होतं. सॉसेज भाजणाऱ्याच्या गाडीआड उभी राहणार होते. लहानांच्या लढती आधी, उजेड असतानाच. पुरुष दोरांवर रेललेले, बोटं नाचवून पैजा लावत. पोरगे वरच्या दोरावरून टांग टाकून आत जातात, पोरींनी मात्र खालच्या दोराखालून सरपटत जायचं. ह्या नियमाचा मला दर वर्षी राग येतो. आज मात्र माझी पोर कशी दिमाखात सरपटली! पाठीला माती घेऊन उभी राहिली, महाराणीसारखी.

सनई सुरू झाली. तिनं गुरुवंदना केली, चारी कोपऱ्यांत. मग नाचता नाचता वळली आणि सॉसेजच्या गाडीकडे तोंड करून माथा टेकला. मी लपलेय हे तिला कसं कळलं? सॉसेजवाला म्हणाला, "मला नमस्कार करतेय का ही?" मी त्याला ढकलून पुढे गेले.

हेल्मेटवर लोक हसलेच. "भांडी घालून आल्या!" कोणीतरी ओरडलं. पहिल्या फेरीत तिचं हेल्मेट डोळ्यांवर आलं आणि ती हवेत ठोसे मारत सुटली. पंचानं थांबवून सरळ केलं. दुसऱ्या फेरीत सुरिनच्या पोरीनं तिला दोराशी दाबलं. आणि मी, जी बघणार नव्हते, ती दोर धरून ओरडत होते, "गुडघा! मापरांग, गुडघा मार!" लुंग खाम माझ्याकडे बघतच राहिला.

तिनं मारला गुडघा. तीन फेऱ्या संपल्या. पंचानं तिचा हात वर केला. निळ्या पट्टीचं टोक फडफडत होतं. थवी तिच्या कोपऱ्यात होता, बादली हातात तशीच घेऊन ढसाढसा रडला. मग पोरीला खांद्यावर घेऊन जत्राभर फिरला. "माझी पोर! कोराटच्या थवीची पोर!" भेटेल त्याला तेच सांगत होता.

नंतर दोघी पोरी एकाच सॉसेजचे दोन तुकडे करून खात बसल्या. सुरिनच्या पोरीची आई माझ्या शेजारी येऊन बसली. केळीच्या पानांचे दिवे तळ्यात सोडले चौघींनी मिळून. माझा दिवा सरळ गेला, विझला नाही. आज कोणी मला काय हवं विचारलं असतं तर काही आठवलं नसतं.

१६ नोव्हेंबर, शनिवार

घसा पूर्ण बसला. खुणा करून पपई विकली. लुंग खाम मला "मास्तरीणबाई" म्हणाला. त्याच्या ताटात आज एकच मिरची.

१७ नोव्हेंबर, रविवार

मास्तर घरी येऊन गेले. नववर्षाच्या जत्रेत तिची पुन्हा लढत लावायची म्हणतात. "ह्या वेळी आई काय मागतेय?" मी म्हटलं, तेच हेल्मेट, पण नीट बसणारं. मास्तर हसले, मान डोलावली.

मापरांगनं पट्टी धुवू दिली नाही. थवीचा हातमोजे घातलेला जुना फोटो आहे ना भिंतीवर, त्याच्या खालच्या खिळ्याला टांगून ठेवलीय. तिथून येता-जाता मासळीचा वास येतो.

मी इतकी काय घाबरत होते? नववर्षाची वाट आता तिच्यापेक्षा मीच जास्त बघतेय.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी तिघं जेवत होतो. थवी चिकट भात बुडवता बुडवता म्हणाला, "बुआफान, पौर्णिमा आली तोंडावर. देऊन टाक ना पोरीला पट्टी. एवढा हट्ट बरा नव्हे."

मी हसले. म्हटलं, पुरे तुझी नाटकं. तो हसला नाही. आमच्या दोघींच्या तोंडाकडे बघून म्हणाला, "काय झालं?"

मापरांग उठली. खिळ्यावरची पट्टी काढून त्याच्या दंडावर बांधायला लागली. "अगं वेडे, माझी कुठं लढत आहे आता?" तो गुदगुल्या झाल्यासारखा हसत होता. तिनं एक गाठ मारली, मग दुसरी. बाहेर तालमीतली पोरं तिला हाका मारत होती. ती गेली नाही. माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "आई, पिम्जाई मावशी केंद्रात किती वाजता येते?"