मामंजी, हिरे आणि उलटं सुकाणू

थळ, कोळीवाडा
आषाढ सरत आला

प्रिय विनेशभाऊजी यांस,

तुमच्या किशोरीवहिनीचा नमस्कार आणि आशीर्वाद, दोन्ही घ्या. (वयाने तुम्ही मोठे म्हणून नमस्कार, नात्याने मी मोठी म्हणून आशीर्वाद. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासूनचा हा घोळ आहे, तो आता निस्तरत बसायला नको.) तुमचं ब्लडप्रेशर कसं आहे? अमिषा सांगत होती की गोळी तुम्ही विसरता आणि चिडता मात्र तिच्यावर. तिचा गुडघा, अल्पेशची परीक्षा, तुमच्या बिल्डिंगची लिफ्ट, सगळं सुरळीत असेल अशी आशा आहे. इकडे तुमचे दादा बरे आहेत, आई बऱ्या आहेत, आमची प्राप्ती कॉलेजला जाते असं तिचं म्हणणं आहे. मासेमारी बंद, बोट किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवली आहे, आणि पुरुषमाणसं दिवसभर घरात. म्हणजे बाकी काय चाललं असेल ते तुम्ही ओळखा.

फोन न करता पत्र का लिहिते आहे, असं वाटेल तुम्हाला. तर फोनवर तुम्ही 'हो हो वहिनी' म्हणता आणि मीटिंगला जाता. दुसरं म्हणजे या घरात फोनवर बोललेलं सगळ्यांना ऐकू जातं, हे तुम्हाला माहीत आहेच. गेल्या वर्षी मामंजींच्या डाव्या हातावरून वारं गेलं, तेव्हा तुम्ही घाबरून फोन केलात आणि म्हणालात की आता ती बोट विकून टाका. काळजीपोटी बोललात, ते मला कळलं, दादांना कळलं, आईंच्या तर डोळ्यांत पाणी आलं. पण प्राप्तीने फोन स्पीकरवर ठेवला होता आणि पलीकडच्या खाटेवर मामंजी जागे होते. तेव्हापासून तुमचा फोन आला की ते 'झोपलोय म्हनून सांग' असं इतक्या जोरात सांगतात की ते तुम्हाला थेट ऐकू येत असणार. बोट काही विकली नाही. सुकाणू दादांच्या हाती आलं, आणि मामंजींचं एरवीचं बोलणंच थांबलं. सकाळी चहा झाला की ओट्यावर जाऊन भिंतीकडे तोंड करून बसायचे, समुद्राला पाठ करून. मला तर ते बघवत नसे. डॉक्टरांनी बोटं हलवत राहा म्हणून रबरी चेंडू दिला होता, तो त्यांनी मांजरीला दिला. (मांजरीचे पंजे आता उत्तम चालतात.)

तर झालं असं, की जुनी जाळी ठेवायला दादा माळ्यावर चढले आणि खाली उतरले ते तुमचा कम्प्युटर घेऊन. तोच, तुम्ही शाळेत असताना तुमच्या मामांनी परदेशी जहाजावरून आणलेला, टीव्हीला लावायचा, कॅसेटवर चालणारा, ज्याच्यापायी तुम्ही बोटीवर जायला टाळाटाळ करायचात आणि मामंजींनी त्या पेटीशीच लगीन लाव असं तुम्हाला सुनावलं होतं. आईंनी तो जुन्या लुगड्यात गुंडाळून, वर डांबराच्या गोळ्या टाकून ठेवला होता. (तुमच्या बारशा-जावळाची एकही वस्तू त्यांना सापडत नाही, पण हा सापडला. आईचं काही सांगता येत नाही.) प्राप्ती तर वेडीच झाली. नामा इलेक्ट्रिशियनला बोलावलं, त्याने आतली खारी धूळ काढली, एक वायर बदलली. आमच्या नव्या टीव्हीला ती जुनी पिन बसेना, म्हणून शेजारच्या येसूबाईंकडचा डबा टीव्ही आणला. टीव्हीबरोबर येसूबाईही आल्या, त्या अजून गेलेल्या नाहीत. आईंनी पेटीला हळदकुंकू वाहिलं, नारळ आणला. इंजिनाला फोडतात मग याला का नाही, असा त्यांचा सवाल. मी नारळ कसाबसा उंबऱ्यावर फोडायला लावला, नाहीतर पाणी कळफलकात गेलं असतं. कुंकू मात्र एका बटणावर असं बसलंय की त्याखाली कुठलं अक्षर आहे ते देवाला ठाऊक.

मग कॅसेट लावली. ती जी किंचाळायला लागली ती थांबेचना. येसूबाईंनी हात जोडले, मी चहा टाकला, चहा झाला, पिऊन झाला, तेव्हा कुठे पडद्यावर तो तुमचा हिऱ्यांचा खेळ आला. मला काही त्यातलं कळत नव्हतं, आता सगळं कळतं. एक चिमुकला माणूस, सगळीकडे माती, मातीत हिरे आणि दगड. तो माती खात पुढे जातो, हिरे गोळा करतो, पुरेसे झाले की दार उघडतं. दगडाखालची माती काढली की दगड खाली येतो, आणि खाली तुम्ही असलात की संपलं. वर घड्याळ पळतंय. आईंना पहिल्यांदा बघताच त्या माणसाची दया आली. एवढे दगड डोक्यावर असताना याला घरचे आत जाऊ तरी कसे देतात, म्हणाल्या.

मामंजी ओट्यावर होते, भिंतीकडे तोंड करून. प्राप्ती खेळत होती आणि दर थोड्या वेळाने मरत होती, आणि प्रत्येक वेळी येसूबाई किंकाळी फोडत होत्या. बऱ्याच किंकाळ्यांनंतर मामंजी उठून आत आले, दारात उभे राहिले, बघत राहिले, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा आपणहून बोलले. काय बोलले, तर, "पोरी, पानी सुकतंय, भायेर नींग!" ते वरचं पळतं घड्याळ म्हणजे त्यांना ओहोटी वाटली, भाऊजी. पाणी उतरायच्या आत खाडीतून बोट बाहेर काढायची, हे त्यांना कुणी शिकवायला नको. मी स्वयंपाकघरात जाऊन पदराने डोळे पुसले. आई माझ्या आधीच तिथे तेच करत होत्या.

प्राप्तीने शहाणपणा केला आणि तो माणूस चालवायची दांडी (तुम्ही जॉयस्टिक म्हणता ती) त्यांच्या हातात दिली, ती डाव्या हातात. आणि इथून आमची फजिती सुरू झाली. तुम्ही दर्याला पाठ करून पुण्याला गेलात खरे, पण बोट चालवणाऱ्या तांडेलाचा मुलगा आहात, तुम्हाला समजेल. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते. साठ वर्षं या माणसाने हेच केलं. आता समोर दांडी दिसली, हातात बसली, की हात विचारत नाही. हिरा डावीकडे असला की मामंजी दांडी उजवीकडे लोटतात आणि तो बिचारा माणूस उजवीकडच्या दगडाखाली जाऊन उभा राहतो. चूक त्यांची हे त्यांना मान्य नाही. "यो उलटा बांधलाय," असं त्यांनी जाहीर केलं आणि बांधणाऱ्या कंपनीला जे काही म्हणाले ते मी पत्रात लिहू शकत नाही.

गावभर झालं. जाळी शिवायला म्हणून माणसं आमच्या पडवीत येऊन बसू लागली आणि जाळी बाजूला राहिली. मामंजींचे जुने खलाशी दादू रोज येतात, टीव्हीच्या अगदी जवळ बसतात आणि दगड दिसला की ओरडतात. (पडद्यावर दगडांशिवाय फारसं काही नसल्यामुळे ते सतत ओरडतात.) घरात दोन पक्ष पडले. एका पक्षाचं म्हणणं, मामंजींनी हात बदलावा. दुसऱ्याचं म्हणणं, यंत्राने बदलावं. दादांनी दांडीची पेटीच फिरवून उलटी धरायला दिली. मग डावं-उजवं जमलं, पण वर-खाली उलटं झालं आणि तो माणूस वर जायचं सोडून खाली, थेट खेळातल्या जीवघेण्या पाखरांच्या तावडीत. (ती पाखरं कशाला ठेवलीत त्या खेळात? येसूबाईंना रात्री स्वप्नात दिसतात.) पण तेव्हा मामंजी हसले, भाऊजी. दात नसलेलं तोंड उघडून खदाखदा हसले. तुमचे दादा उठून बाहेर गेले आणि बराच वेळ उगाच बोटीचा दोर तपासत राहिले.

मग प्राप्तीने मोबाईलवर त्याच खेळाच्या नव्या आवृत्त्या काढल्या. एकीत माणसाला टोपी आणि चष्मा आहे, एकीत गुहा गोल फिरते, एकीत डावं-उजवं आपल्याला हवं तसं बदलून घेता येतं. आम्ही म्हटलं, सुटलो. पण मामंजींना एकही पसंत नाही. काचेवर बोट फिरवायचं म्हणजे सुकाणू नसलेली बोट, म्हणाले. चारदा मेलं की तो खेळ सांगतो, आता थांबा, उद्या नवे जीव मिळतील. "जीव काय टोपलीन येतात काय?" असं त्यांनी प्राप्तीला विचारलं. मधेच गोरं होण्याच्या क्रीमची जाहिरात लागली, ती त्यांनी शांतपणे पूर्ण बघितली आणि ती बाई पुढे काय करते असं विचारलं. सगळ्यांत नव्या आवृत्तीत चुकलं तर मागे घ्यायचं बटण आहे. दगड डोक्यात पडला तरी बटण दाबलं की दगड वर जातो, माणूस उठतो. ते बटण त्यांनी एकदाच दाबून पाहिलं. मग मोबाईल प्राप्तीला परत दिला, हळूच म्हणाले, दर्यान असा बटन न्हाय, आणि त्या दिवशी पुन्हा ओट्यावर जाऊन बसले. त्यांना कुठलं वादळ आठवलं, की कुठलं बोलणं आठवलं, ते त्यांनाच माहीत. मला विचारायचा धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र चहाच्या आधी तुमच्या जुन्या पेटीसमोर हजर.

तर आता असं चाललंय. रोज तोच जुना खेळ, तीच उलटी दांडी. त्यांनी खेळातल्या एकेका गुहेला नाव दिलं आहे. तिसरीला खांदेरीचा खडक म्हणतात, कारण तिथे दगड पाण्याखाली असल्यासारखा लपलेला असतो. बोटं बरीच उघडतात, चहाचा कप डाव्या हाताने उचलतात. परवा अलिबागच्या डॉक्टरांनी खूश होऊन विचारलं, आजोबा, व्यायाम कुठला करता? "तांडेलकी," म्हणाले. नामाने मधे एकदा सुचवलं होतं की दांडीच्या आतल्या दोन तारा अदलाबदल केल्या की झालं, पाच मिनिटांचं काम. तो पेचकस घेऊन बसलासुद्धा. मामंजींनी दांडीवर हात ठेवला. ज्याची पेटी हाय तोच खोलंल, म्हणाले. नामा चहा पिऊन गेला.

एवढंच कळवायचं होतं. कुठलीही मागणी करायला हे पत्र लिहिलेलं नाही, गैरसमज नसावा. तुमचं सगळं व्यवस्थित चाललंय, रजा मिळत नाही, आम्हाला कल्पना आहे. अमिषाला सांगा की सुक्या मासळीतली करंदी बांधून ठेवली आहे, कुणी येणारं-जाणारं भेटलं की पाठवते. गोळी वेळेवर घ्या.

तुमची,
किशोरीवहिनी

ता. क. : बरं, आता लिहिलंच आहे तर सांगून टाकते. नारळी पौर्णिमेला या. बोट पाण्यात जायच्या आधी तुम्ही इथे असायला हवं. आईंना वाटतं, दादांना वाटतं, ते तुम्हाला सांगायचे नाहीत. निमित्त पाहिजे असेल तर त्या दोन ताराच घ्या. त्या उलट्यापालट्या करून मामंजींची अडचण एकदाची दूर करा. तुम्ही याच विद्येत पुण्याला एवढं नाव काढलंत, बापाची एक दांडी सरळ करून देणं तुम्हाला जड नाही. येताना बारीक पेचकस आणि ते वितळवून चिकटवायचं यंत्र आठवणीने आणा, नामाचं भरवशाचं नाही.

ता. क. दुसरा : वरचं लिहून झालं आणि पाकीट आणायला दुकानात गेले. दुपारची वेळ, घरातले सगळे लवंडलेले, दादूसुद्धा पडवीत घोरत होते. परत आले तर खिडकीतून पडद्यावर नजर गेली. मामंजी एकटेच खेळत होते. दांडी डावीकडे, माणूस डावीकडे. दांडी उजवीकडे, माणूस उजवीकडे. एक दगड लागला नाही. खांदेरीचा खडक असा सफाईने पार केला की तुम्हीही त्या वयात केला नसेल. सगळे हिरे घेतले आणि दार उघडायची वाट बघत थांबले. मी दारात आले, माझ्या चपलांचा आवाज झाला. त्यांनी झटकन दांडी उलट्या बाजूला लोटली, माणूस दगडाखाली घातला आणि माझ्याकडे वळून मोठ्याने म्हणाले, "बग, बिगारलाय ना? विनेशशिवाय व्हनार न्हाय यो."

मी म्हटलं, व्हय मामंजी.

तेव्हा पेचकस आणू नका. तुम्ही या.