छत्रीचं तोंड दक्षिणेला

शुक्रवार, सांजच्याला. पडेगाव.

रेणू, मी बोलते तसं लिही. आजीची चूक गाळशील तर बघ.

वाऱ्यानं गच्चीवरची टीव्हीची छत्री फिरली आन् सुनेच्या मालिकेचा आज शेवट. तू म्हणलीस, आभाळात एकाच जागी थांबलेल्या यंत्राकडं छत्रीचं तोंड पाहिजे. एकाच जागी थांबतो तो ध्रुव! त्याच्या खुणेनं मी जन्मभर मेंढरं नेली. मी गुपचूप छत्री उत्तरेला वळवली. टीव्ही आंधळाच.

सून म्हणली, "आत्याबाई, ध्रुवावर मालिका लागत नाय."

तू छत्री दक्षिणेला केलीस, चित्र आलं. सुनेच्या मालिकेचा शेवट निम्मा हुकलाच. मला मात्र वेगळंच लागून राहिलंय. ते यंत्र थांबलेलं नाय म्हणं. धरती फिरती त्याच चालीनं तेबी फिरतं, म्हणून हललेलं दिसत नाय. कळपाच्या चालीनं मीबी चालले, पण सांजच्याला खाली तर टेकले! हे छत्तीस हजार किलोमीटरवर, न बसता? आन् केलंय माणसांनीच?

मी म्हणलं, कुठं हाय ते दाव. तू माझं बोट धरून दावलंस. तिथं काहीच दिसंना. तरी लई येळ मला बोट खाली घेववलं नाय.