पाचव्या मॉडेलमधला बर्फ

उत्कियाग्विक, अलास्का, २ मे, सकाळी ९

चौथ्या मॉडेलचाही बर्फाचा नकाशा उतरला. तेच. गुरुवारी वारा फिरणार, खालचा प्रवाह वाढणार, किनाऱ्याचा बर्फ सुटणार. पाचवं मॉडेल माझं. त्यात गावासमोरचा बर्फ महिनाभर हलत नाही. चौघांनी समुद्राची गणितं एकाच ठिकाणाहून घेतलीत. चार साक्षीदार, एकाच आईचे.

दुपारी १

बर्फावर जाऊन आलो. एल्मरमामांचा देवमाशाच्या शिकारीचा तळ, सगळी मिळून अकरा माणसं. त्यात स्वयंपाकाला माझी बायको लोरेना. मामा तिचे. त्यांनी दोरीला वजन बांधून पाण्यात सोडलं. दोरी तिरकी गेली, म्हणजे खाली प्रवाह ओढतोय. म्हणाले, “जावईबापू, तुमच्या यंत्राला ही दोरी दिसते का?” सगळे हसले. मी बर्फ रविवारपर्यंत टिकण्याची हमी दिली. माणसं पुराव्यापेक्षा दोरीवर विश्वास ठेवतात.

३ मे, सकाळी ११

पाचही मॉडेलांच्या सरासरीत माझ्या मॉडेलला दुप्पट वजन दिलं. आता सरासरीही रविवार म्हणते.

४ मे, दुपारी ३

वारा फिरला. लोरेना रेडिओवर: भेगेतून पाणी वर येतंय, मामा आवरा म्हणतायत, पण देवमासे अगदी जवळ आहेत. “तुझी खात्री असेल तर मी त्यांना थांबवते. आहे ना?”

आहे, म्हणालो.

दुपारी ४

सहज नकाशा मोठा करून पाहिला. गावासमोरचा समुद्र माझ्या मॉडेलमध्ये जमीन आहे. नकाशाचा एकेक चौकोन पंचवीस किलोमीटरचा. किनारा आणि समोरचं पाणी एकाच चौकोनात गेलं, आणि तो जमीन ठरला. तिथल्या बर्फाच्या आकड्यांची रिकामी जागा मीच सरासरीने भरली होती, मार्चमध्ये. जमीन हलत नाही. तेवढं मॉडेल बरोबर आहे.

४.१०

सांगायलाच हवं. आधी पुन्हा तपासतो. अर्धवट माहितीने लोक घाबरतात.

४.३५

तपासलं. जमीनच.

४.४०

रेडिओ केला. उत्तर नाही.

४.५०

उत्तर नाही. बॅटरी असेल. थंडीत उतरते.

५.१५

किनाऱ्यावर निघालो. हातमोजे सापडत नाहीत.

५ मे, सकाळी

बर्फ काल सहाला सुटला. तळ पाचलाच किनाऱ्याला लागला होता, अकराच्या अकरा. मामांनी लोरेनाच्या हातातून रेडिओ घेऊन बंद केला होता. म्हणाले, बर्फ बोलत असताना दुसरं कुणी बोललेलं ऐकू येत नाही. लोरेना आज मामांकडे आहे.