सूनबाईंची रेसिडेन्सी

२ ऑक्टोबर २००६, सोमवार. पहाटे
टक्, टकटक्, टक्. मास्तर टेबलावर पट्टीने वृत्ताचा ठेका धरायचे आणि आम्ही पोरे माना डोलावत कविता म्हणायचो. मिरजेची ती शाळा आज स्वप्नात आली. जागा झालो तर हीटर वाजत होता. ठेका साफ चुकत होता.

आयर्लंडातल्या या गावाचे नाव नास. पुढे मी काय बोलावे? मुलगा हृषीकेश रोज सँडीफोर्डला कॉम्प्युटरवर जातो. सून स्मृती इथेच, मेन स्ट्रीटवरच्या औषधाच्या दुकानात. पुण्याची एम.फार्म. असून तिला पुन्हा वर्षभर दुकानात शिकायला बसवले आहे. त्याला म्हणे रेसिडेन्सी. आमच्याकडे रेसिडेन्सी म्हणजे संस्थानिकाच्या उरावर बसलेल्या गोऱ्या साहेबाचा बंगला. इथेही गोरा साहेब आहेच. ब्रेंडन, तिचा ट्यूटर. डिसेंबरात त्याने सही केली तर ती पक्की फार्मासिस्ट. नाही केली तर वर्ष पाण्यात, नोकरीही गेली.

संकल्प: सुनेला मदत करणे. मिरजेत वाढलेला माणूस अर्धा डॉक्टर असतोच. शिवाय जन्मभर सकाळचा चहा मी पद्माकरच्या मेडिकल स्टोअर्सच्या बाकावर घेतला. हा अनुभव कुठल्या कॉलेजात मिळतो?

५ ऑक्टोबर
स्मृतीने बजावले की बाबा, तुम्ही इथे कुणालाही औषध सांगायचं नाही, माझी नोकरी जाईल. शेजारणीचा राग माझ्यावर. तिला घशासाठी हळद सांगितली, तिने ती बाहेरून चोपडली आणि पिवळ्या गळ्याने ऑफिसला गेली. यात माझे काय चुकले?

संकल्प: कुणालाही औषध सांगणार नाही.
टीप: लसूण हे औषध नाही.

९ ऑक्टोबर
कालव्यावर फिरायला. इथे कसे आहात विचारले की सगळे ग्रँड म्हणतात. पाय मोडलेलाही ग्रँड. कालव्याचे नावसुद्धा ग्रँड कॅनॉल. पाणी बेताचेच.

बाकावर मिस्टर डॉइल भेटले. रिटायर्ड बस ड्रायव्हर, एकटेच राहतात. मी शाळेतली कविता म्हटली, त्यांनी त्यांच्या शाळेतली आयरिश म्हटली. एकमेकांचे अक्षर कळले नाही, पण दोघांचेही डोळे भरले. त्यांचेही मास्तर छडी मारत. मला प्रोफेसर म्हणू लागले आहेत. मी हरकत घेतली नाही.

त्यांना रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे. म्हणाले, मेन स्ट्रीटवरची इंडियन मुलगी फार छान समजावते. माझी छाती फुगली. पण ती माझी सून असे सांगितले नाही. श्रेय घेणे आपल्या रक्तात नाही. पाय गार पडतात म्हणाले. म्हटले, उपाय आहे. फक्त त्या मुलीला बोलू नका, तिचे शिक्षण अपुरे आहे.

१० ऑक्टोबर
कच्चा लसूण ठेचून मधात. बरणी प्रेसमध्ये मागे लपवली. (इथे कपाटाला प्रेस म्हणतात. स्मृतीने प्रेसमध्ये बघा म्हटल्यावर पहिल्यांदा मी दोन दिवस इस्त्रीच्या मागे शोधत होतो.) डॉइलना रोज बाकावर दोन मोठे चमचे डबीत घालून देतो. लक्षात राहावे म्हणून रचून दिले:
सकाळी चमचा, रात्री चमचा,
मग कसला हो गारठा तुमचा?
लव्हली म्हणाले. मराठी येत नसतानाही वृत्त कळले.

१८ ऑक्टोबर
स्मृती खिन्न. तिचा प्रोजेक्ट असा: रक्त पातळ करायची गोळी घेणाऱ्या म्हाताऱ्यांना नीट समजावायचे आणि त्यांच्या रक्ताचा आकडा जागच्या जागी ठेवायचा. एका पेशंटचा आकडा वर चालला आहे. मी तिचे अभिनंदन केले. आकडा वाढला की आमच्या शाळेत पेढे वाटत. तिने डाव खाली ठेवला आणि किचनबाहेर निघून गेली. विनयशील मुलगी.

२३ ऑक्टोबर
आकडा वर जाणे वाईट असते. रक्त थांबत नाही. मग आधी नीट सांगायचे ना. पेशंटचे नाव विचारले तर म्हणाली, बाबा, नाव सांगता येत नाही. मी म्हटले, तो अडाणी इसम काहीतरी अरबट चरबट खात असणार, खडसावून विचार. म्हणाली, तीनदा विचारलं, तो फक्त म्हणतो आय अॅम ग्रँड. अशा माणसांचे मला नवल वाटते. विद्वान सल्ला द्यायला बसले आहेत आणि हे लपवतात.

डॉइलच्या हिरड्यांतून थोडे रक्त येते. नवा टूथब्रश असेल. पाय मात्र गरम.

३० ऑक्टोबर
ब्रेंडन तिला म्हणाला, तू समजावतेस ते लोकांपर्यंत पोचत नसावे, असेच राहिले तर मला सही करता येणार नाही. ती किचनमध्ये उभी होती. कांदा चिरत नव्हती, तरी डोळे पुसत होती. हृषीकेश म्हणाला, सोड गं, परत पुण्याला जाऊ. ती म्हणाली, मग इथे वर्षभर मी काय गोट्या खेळले का?

असला बाणा आम्हाला मास्तरांनी शिकवला. मी पेटलो. संकल्प: उद्या ब्रेंडनला समोरासमोर सुनावणे.

३१ ऑक्टोबर
गेलो. स्मृतीची सुट्टी होती ते बरे झाले. काउंटरवर ताठ उभा राहिलो. ब्रेंडन उंच आहे. त्याने विचारले, काय हवे? कंगवा घेऊन आलो. मला टक्कल आहे हे त्याच्या लक्षात आले असावे. नजरेत नजर मात्र घातली.

३ नोव्हेंबर
बाक रिकामा. कुत्रे फिरवायला येणाऱ्या एक बाई म्हणाल्या, युअर मॅन हॉस्पिटलात आहे, नाकातून रक्त थांबेना. माझा माणूस आहे हे त्यांना कसे कळले? मागून कळले, इथे कुणालाही तसेच म्हणतात.

माझे निदान: रविवारी मी बाकावर गेलो नव्हतो, त्यांचा चमचा चुकला असणार. परत आले की डोस वाढवू.

स्मृती घरी आली ती न जेवता झोपली. तिचाही एक पेशंट आज हॉस्पिटलात गेला म्हणे. नाकातून रक्त. नासमध्ये गोळी घेणारे म्हातारे पुष्कळ असतील. थंडीत घोळणा फुटतोच. मनात काहीतरी आले. ते लिहीत नाही.

४ नोव्हेंबर
बरणी धुवायला घेतली. धुतली नाही. भीती कसली? पद्माकर म्हणायचा, लसणाने कुणी मेले नाही. आता आठवते, तो हे त्याचे लसूण घातलेले सर्दीचे सिरप खपवायला म्हणायचा.

५ नोव्हेंबर, रविवार. दुपार
स्मृती खाली पोळ्या करते आहे. उद्या तिचे ब्रेंडनशी सहीबद्दल शेवटचे बोलणे. हृषीकेश सामान आणायला गेला आहे. मी वरच्या खोलीत. स्मृतीला एकदा सगळे सांगून टाकावे असा विचार केला. पण सांगण्यासारखे असे आहे तरी काय?

बेल वाजली. हृषीकेश किल्ली विसरला असेल म्हणून खिडकीतून पाहिले. डॉइल. हॉस्पिटलातून सुटून थेट इथेच, पायात सपाता, नाकात कापूस. घर मीच दाखवले होते.

स्मृतीने दार उघडले. दोघेही थबकले असणार. त्यांनी विचारले, तू इथे कशी? तिने विचारले, तुम्ही इथे कसे? मग ते म्हणाले, प्रोफेसर आहेत का, त्यांचा तो लसूण संपला, पाय पुन्हा गार पडतात.

खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग स्मृती कुठला लसूण, किती, कधीपासून विचारत होती. अगदी शांतपणे. फार छान विचारते. ते सगळे सांगत होते. सकाळी, रात्री. ठेका धरून. ती म्हणाली, लसणानेही रक्त पातळ होतं, त्या गोळीबरोबर घ्यायचा नाही.

आता ती जिन्याशी आली. बाबा, खाली या, म्हणाली. येता का, असे नाही. या.

जातो. लसूण मधात होता, हे मात्र स्पष्ट सांगणार आहे.